पुढची खिडकी

महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण आणलें, तेव्हांपासून मोटारीमागें ओढावयाच्या चाकांवरच्या घराचें वेड आमच्याहि डोक्यांत शिरलें. नांदेडहून लोह्यावरून माळेगांवीं मार्गशीर्षांतल्या खंडोबाच्या यात्रेस जावें, दोन रात्री तेथेंच काढाव्या आणि पुढें अहमदपूर, चाकूर करीत लातूर गांठावें, असा बेत ठरला. प्रश्न एकच उरला : घराला पुढच्या बाजूस खिडकी असावी कीं नसावी?

नसावी, असें म्हणणारांची बाजू भक्कम आहे. घर ओढलें जात असतां आंत कोणीं बसावयाचें नसतें. मग त्या खिडकींतून पाहणार कोण? शिवाय मोटारीच्या चाकांखालून उडालेला खडा प्रथम तिच्याच काचेवर बसतो, आणि कडेचें रबर सुकलें कीं पाऊस तेथूनच आंत शिरतो. उलट बाजूस काय, तर मुक्कामीं वारा खेळेल, एवढेंच. आम्हीं खिडकीवर काट मारण्याचें जवळजवळ ठरविलें होतें.

तोंच मातोश्री म्हणाल्या, “पुढचें दिसायचें नसेल, तर मी दमणींत होतें तीच बरी कीं!”

आम्हीं गप्प झालों. तरुणपणीं त्या याच यात्रेला दमणींतून जात. पुढें गाडीवान, म्हणून पडदा सोडलेला; त्यांना दिसे ती केवळ मागें पडलेली वाट. आज त्या नव्वदीच्या घरांत आहेत. यात्रेंत चालणें त्यांच्यानें होणें नाहीं.

खिडकी ठेवली. वाटेंत काचेवर पत्र्याची झडप राहील, रबर वेळेवर बदलूं. मुक्कामीं मोटार बाजूला नेऊन झडप उचलली, कीं अंथरुणावरूनच मातोश्रींना माळेगांवचे घोडे समोरून येतांना दिसतील.