रम्य शिकरण

जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला केळ्याचं कौतुक सांगणं म्हणजे कॅशियरला नोटा मोजायला शिकवणं. आमची केळी रेल्वेत बसून दिल्ली पाहून येतात, 2016 साली तर त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण घरात त्यांचं शिकरण करण्यापलीकडे कुणाची कल्पना गेली नाही. तिकडे क्यूबात डायकिरी नावाचं एक खाणीचं गाव आहे. त्याच्या नावानं रम, लिंबू आणि साखरेचं एक पेय निघालं, हवानाच्या एल फ्लोरिडिता बारनं ते बर्फासकट घुसळून जगभर गाजवलं, आणि पुढे कुणीतरी त्यात केळं घातलं. म्हणजे काय, तर दुधाऐवजी रम घातलेलं शिकरणच की!

हे ज्ञान घेऊन धुळ्याचे आमचे मेहुणे ऐन वैशाखात आले. पिशवीत रम, खिशात परवाना. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार नुसतं प्यायलाही परवाना लागतो, हे पुष्कळांच्या गावी नसतं. मेहुणे मात्र तो आधार कार्डासारखा दाखवत हिंडतात.

कृती अगदी सोपी. पिकलेली केळी आदल्या रात्री सोलून, चकत्या करून फ्रीझरमध्ये टाकायची. सालीसकट ठेवली तर साल काळी ठिक्कर पडते आणि सोलताना नखं जातात. मग दोन केळी, दोन मोठे पेग म्हणजे 120 मिली रम, एका लिंबाचा रस, दोन चमचे साखर, मूठभर बर्फ. मिक्सर थांबून थांबून फिरवला की मिनिटाभरात आइस्क्रीमसारखा गोळा.

"दाजी, अजून एक पेग ओतू?"

"नाही." घरच्या फ्रीझरच्या उणे 18 अंशांनाही रम गोठत नाही, त्यामुळे ती जितकी जास्त, तितकं पेय पातळ. बँकेतल्या माणसाला मर्यादेबाहेरची उचल लगेच कळते.

खरी पंचाईत वेगळीच होती. त्या दिवशी एकादशी. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि केळं तर उपासाला चालतं! मिक्सरचा आवाज ऐकून ती बाहेर येणार हे ठरलेलंच. म्हणून बाटलीचं बूच उघडण्याआधीच सौभाग्यवतींनी आईंचं वेगळं फिरवून, वर तुळशीचं पान ठेवून फुलपात्र देवघरापाशी नेऊन ठेवलं होतं. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात जाऊ नये म्हणून आमच्या शाखेतही इतकी दक्षता नसते.

आई आली. फुलपात्र संपवलं. "वेलची हवी होती जरा," म्हणाली. मग तिचं लक्ष मेहुण्यांच्या पेल्याकडे गेलं. रंग तोच, दाटपणा तोच.

"अगं बाई! तुम्हालाही उपास का?"

मेहुण्यांनी एकदा माळेकडे पाहिलं, एकदा पेल्याकडे. परवाना खिशातच राहिला.

"हो ना, आई. कडक."

रात्री पानं मांडली. मेहुण्यांसाठी म्हणून केलेल्या शेवभाजीवर लालभडक तर्री तरंगत होती. आम्ही ती दोन-दोनदा वाढून घेतली. समोर मेहुणे भगर आणि दाण्याची आमटी खात होते, आणि आई शेजारी बसून त्यांना आग्रह करकरून वाढत होती.