गोळी लपवायची कशाला?

क्षयरोग बरा होतो, हे आता आपल्या समाजात बहुतेकांना ठाऊक आहे. सरकारी केंद्रात औषध मोफत मिळते, हेही ठाऊक आहे. तरीही लग्नाच्या मुलीला हा आजार निघाला, की घरात औषधाच्या आधी लोकांचा विचार येतो. आमची मुलगी 21 वर्षांची, मंगनी झालेली. तीन आठवडे खोकला हटेना म्हणून थुंकी तपासली आणि निदान झाले. फुफी काळजीनेच म्हणाल्या, "गोळ्या कपाटात ठेवा, कुणाला कळू देऊ नका. सहा महिने असे निघून जातील."

गावभर सांगत सुटायचे नाही, पण घरात आणि होणाऱ्या सासरी काही लपवायचे नाही, असे आम्ही दोघांनी आणि दादींनी मिळून ठरवले. केंद्रातल्या सिस्टरांनी औषध समजावून सांगितले तेव्हाच लक्षात आले होते, की लपूनछपून हे औषध नीट घेताच येत नाही.

पहिले 2 महिने चार औषधे असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. ती एकाच गोळीत एकत्र केलेली असतात. पुढचे 4 महिने पायराझिनामाइड बंद होते, बाकीची तीन चालू राहतात. गोळ्या किती, ते वजनावर ठरते. मुलीचे वजन 41 किलो, म्हणून रोज 3 गोळ्या, तिन्ही एकाच वेळी. फजरची नमाज झाली की दादी स्वतः पाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर बसत आणि मग कॅलेंडरवर खूण करत. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायच्या नाहीत, केंद्रावर कळवायचे, हे त्यांना पाठ झाले होते.

सुरुवातीलाच मुलीची लघवी नारिंगी-लाल झाली. हा रिफाम्पिसिनचा रंग. त्यात भिण्यासारखे काही नाही. पण ज्याला आधी कुणी सांगितलेले नसते, तो रक्त समजून गोळ्याच बंद करतो. भिण्यासारखी लक्षणे वेगळी. डोळे पिवळे दिसणे, उलट्या न थांबणे, अन्नावरची वासनाच उडणे ही यकृताला त्रास होत असल्याची खूण; त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरव्या रंगात गफलत होऊ लागली, तरी उशीर करायचा नाही. इथॅम्ब्युटॉल डोळ्यांना बाधू शकते. पाचव्या आठवड्यात मुलीच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. रात्री ती पाय चोळत बसलेली दादींनी पाहिली. आयसोनियाझिडने असे होते. डॉक्टरांनी पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-6 जीवनसत्त्व दिले आणि त्रास ओसरला. गोळ्याच लपवल्या असत्या, तर पायांची तक्रार तिने कुणाकडे केली असती?

मामूंनी मोठ्या मायेने एका हकिमाचा काढा आणला. आम्ही तो आधी डॉक्टरांना दाखवला. त्यात काय आहे ते माहीत नाही आणि यकृतावर आधीच भार आहे, म्हणून त्यांनी नको म्हटले. पित्तावरचे औषधसुद्धा विचारूनच घ्यायला सांगितले. रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. नवी सून सासरी चोरून क्षयाच्या गोळ्या घेत असेल आणि डॉक्टरलाही सांगत नसेल, तर काय होईल याचा विचार करावा. दुआ आम्ही रोज केली. औषध करण्याची शिकवण तर खुद्द पैगंबर साहेबांनी दिलेली आहे.

चौथ्या महिन्यात रमजान आला. तोवर खोकला गेला होता, वजन वाढू लागले होते. मुलगी म्हणाली, "अब्बा, आता मी बरी आहे, रोजे ठेवते." अर्धे औषध सुटते ते याच वळणावर. बरे वाटते, पण शरीरात जंतू उरलेले असतात. औषध मध्येच सोडले तर तेच जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग उपचार लांबतो, अवघडही होतो. डॉक्टरांनी तिची प्रकृती पाहून रोजे न ठेवण्यास सांगितले. आजाऱ्याने राहिलेले रोजे पुढे पूर्ण करावेत, ही सवलत सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. ज्या घरात आजार लपवलेला असतो, तिथे "रोजा का नाही?" या प्रश्नाच्या भीतीनेच रोजा ठेवला जातो आणि गोळी चुकते. आमच्याकडे कुणी विचारले तर दादी सरळ सांगत, "औषध चालू आहे. ईदनंतर कजा करील."

होणाऱ्या सासरी आम्ही पहिल्याच आठवड्यात जाऊन सांगितले होते. त्यांच्याकडून आठ दिवस निरोप आला नाही. त्या आठ दिवसांत घरात कुणाला धड जेवण गेले नाही. गोळी मात्र रोज वेळेवर गेली. नवव्या दिवशी मुलाच्या अम्मी एकट्याच आल्या. त्यांना आम्ही केंद्रावर नेले. योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्गाची भीती खूप कमी होते, ताटवाटीतून हा रोग पसरत नाही, घरच्या सर्वांनी मात्र तपासून घ्यावे, हे त्यांनी सिस्टरांच्या तोंडून ऐकले. निकाह कोर्स संपेपर्यंत पुढे गेला. तो मोडेल, अशीही आमची तयारी होती.

सहा महिने पुरे झाले, शेवटची तपासणी साफ आली, अल्हम्दुलिल्लाह. ज्यांच्या घरी हे औषध नुकतेच सुरू झाले असेल, त्यांनी रोज समोर बसून गोळी देणारे एक माणूस आधी ठरवावे. शंका आली तर 1800-11-6666 या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. दरमहा 1000 रुपयांची पोषण मदत रुग्णाच्या खात्यात येते, तिची अंडी, डाळ, दूध रुग्णाच्याच ताटात पडावे. आणि गोळ्यांचा डबा घरात सर्वांना दिसेल अशा जागी असावा.