कारेलीबागेतले चाकांवरचे बिऱ्हाड

बडोद्यातील मराठी वस्तीचा माग काढावयाचा झाल्यास प्रथम दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत शिरावे लागते. जुने वाडे, गणपतीचे कोनाडे, दारावरच्या अर्धवट पुसलेल्या मोडी अक्षरांच्या पाट्या तेथेच सापडावयाच्या. कारेलीबाग ही त्या मानाने मागाहूनची वस्ती. वाड्यांत माणसे मावेनाशी झाली, भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या, तेव्हा अनेक कुटुंबे कोटाबाहेर, विश्वामित्रीच्या पूर्वेकडील या बाजूस आली. बहुचराजीचे देऊळ, पाण्याच्या टाकीचा रस्ता, आणि नदीपलीकडे सयाजीराव महाराजांनी १८७९ साली लोकांस मोकळी करून दिलेली कमाटीबाग, एवढ्या खुणा सांगितल्या की पाहुणा घरी पोहोचत असे. आता येथे चौकाचौकांत उंच इमारती उभ्या आहेत. तरी काही जुन्या सोसायट्यांतून अंगण, पारिजातक आणि झोपाळा हे त्रिकूट अद्याप टिकून आहे.

आमच्या काकांच्या अंगणात या तिघांच्या जोडीला चौथी एक वस्तू आहे. ती म्हणजे १९८६ सालची मॅटॅडोर गाडी.

मॅटॅडोर ज्यांनी पाहिली नाही अशी पिढी आता कर्तीसवरती झाली आहे, म्हणून थोडे सांगतो. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी हँबुर्गकडील टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पो कंपनी काढली. तिच्या तीन चाकी गाडीमुळे 'टेम्पो' हा शब्दच मालगाडीचा पर्याय होऊन बसला. पुढे त्याच जर्मन घराण्यातली मॅटॅडोर पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार होऊ लागली. दूध, पाव, शाळेची मुले, वऱ्हाडी आणि रुग्ण, असे सर्व काही या गाडीने वाहिले. पुढच्या चाकांना गती देणारी तिची रचना असल्याने मागच्या बाजूस पाठीच्या कण्यासारखा दांडा जात नाही, आणि त्यामुळे गाडीची जमीन खाली व सपाट राहते. म्हाताऱ्या माणसास चढावयास सोपी आणि आडवे व्हावयास सोयीची अशी गाडी त्या काळी दुसरी क्वचितच असेल.

काकांनी ती १९९१ साली एका बेकरीवाल्याकडून घेतली. पहिले वर्षभर तीतून पावाचा वास येत असे आणि आम्ही मुले प्रवासात सारखी भुकेली असू. काका एका कारखान्यात फिटर. त्यांनी स्वतःच्या हाताने आत सागाच्या दोन फळ्या बसविल्या. दिवसा त्या बाक होत, रात्री पलंग. एका कोपऱ्यात स्टोव्हची पेटी, छताला कंदिलाची आकडी, दाराशी पाण्याचा पिंप. सांगाड्याला मात्र त्यांनी कोठेही हात लावला नाही आणि जे केले त्याची नोंद रीतसर कागदोपत्री करून घेतली. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण ते अभिमानाने स्वतःस लावीत. या बिऱ्हाडाने पंढरपूर पाहिले, कोल्हापूर पाहिले, आणि नर्मदाकाठचे दत्तस्थान गरुडेश्वर तर दरवर्षी पाहिले. प्रत्येक प्रवासाची, तेलबदलाची, पंक्चरची नोंद एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत आहे. काका २०१५ साली गेले. वही आणि गाडी काकूंकडे राहिली.

काकूंचे वय आज ८१. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना अर्ध्या तासापलीकडे बसवत नाही. आगगाडी झाली, मोटार झाली, तरी बसावे लागतेच. ज्या वाहनात त्या आडव्या होऊन जाऊ शकत होत्या ते एकच होते, आणि दत्तजयंतीस गरुडेश्वरास जाण्याचा त्यांचा नेम त्या एकाच वाहनाच्या आधारावर चालला होता.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस बडोद्यात जे झाले ते येथल्या वाचकांस सांगावयास नको. बाहेरगावच्यांसाठी दोन वाक्ये पुरेत. पावागडाच्या डोंगरातून येणारी विश्वामित्री ३५ फुटांच्या वर चढली आणि शहराचे निम्मेअधिक भाग पाण्याखाली गेले. लष्कर बोलवावे लागले. या नदीत मगरी आहेत हे सर्वांस ठाऊक. त्या वेळी त्या लोकांच्या दारांत आल्या आणि वनखात्याची माणसे व स्वयंसेवक त्यांना धरून नेत होते. काकूंच्या अंगणात छातीएवढे पाणी दोन दिवस होते. चुलतभावाने पाणी चढण्याआधी बॅटरीच्या तारा सोडवून ठेवल्या होत्या, हे त्याचे शहाणपण. गाडी हलविण्यास मात्र वेळच मिळाला नाही, कारण आधी काकूंना वरच्या मजल्यावर न्यावयाचे होते.

पाणी ओसरल्यावर बुडालेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह सर्वांस होतो. डिझेल इंजिनाच्या बाबतीत तो फार महाग पडतो. या गाडीत मर्सिडीझच्या आराखड्याचे ओएम ६१६ जातीचे इंजिन आहे. चार सिलिंडर, २४०० घनसेंटिमीटरच्या आतबाहेर, आणि हवा दाबण्याचे प्रमाण एकवीसास एक. ठिणगीविना केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटावे म्हणून हा एवढा दाब. हवा एकवीस पट आकसते. पाणी तसूभरही आकसत नाही. सिलिंडरात पाणी असता चावी फिरविली तर पिस्टन वर येतो, पाण्याच्या भिंतीवर आदळतो आणि त्याचा जोडदांडा वाकतो. त्या आठवड्यात बडोद्यात अशी किती इंजिने त्यांच्याच मालकांच्या हातून मेली असतील कोण जाणे!

आमच्या मिस्त्रींचे गॅरेज शहरातच आहे. सर्व त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनाही पुराचा फटका बसलेला, त्यातून दारात गाड्यांची रांग. मॅटॅडोरची पाळी येण्यास तीन आठवडे गेले. तोवर आतल्या पाण्याने आपले काम केले होते. चेन-पुलीने इंजिन वर उचलून, हेड उतरवून पाहिले तेव्हा सिलिंडरांच्या गुळगुळीत भिंतींवर गंजाचे तांबूस ओघळ दिसले. इंधनपंपात गाळमिश्रित पाणी. तेल उपसले तर ताकासारखे पांढरे.

आता खरा प्रश्न उभा राहिला. हेच ओएम ६१६ इंजिन पुढे त्याच कंपनीच्या ट्रॅक्स गाडीत वर्षानुवर्षे बसत आले, त्यामुळे भंगारात निघालेल्या ट्रॅक्सचे चांगले इंजिन मिळणे अवघड नव्हते. चुलतभावाचे म्हणणे, तेच आणून बसवावे. आठदहा दिवसांत काम, खर्च कमी, डिसेंबरातली दत्तजयंती साधेल. आरटीओची आगाऊ परवानगी घ्यावयाची, नोंदणीपुस्तकात नव्या इंजिनाचा क्रमांक चढवावयाचा, झाले. दुसरा मार्ग जुनेच इंजिन संपूर्ण खोलून नव्याने बांधण्याचा. त्यास किती दिवस लागतील हे उस्ताद सांगावयास तयार नव्हते.

माझा भाचा कायद्याचा विद्यार्थी. त्याने मध्येच २०२१ चे नियम काढले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी झालेली आणि मूळ रूपात राखलेली घरगुती गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते, तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र सांगाड्यात, बाह्यांगात वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. म्हणून मूळ इंजिन राखावे असे त्याचे मत पडले. आमच्या गाडीस ५० वर्षे पुरी होणार २०३६ साली. ८१ वर्षांच्या काकूंसमोर हा हिशेब मांडणाऱ्याच्या वयाचे मला कौतुकच वाटले!

काकूंनी सर्वांचे ऐकून घेतले. मग उस्तादांस त्यांनी एवढेच विचारले, "आज एंजिन पाछुं चालशे?" उस्ताद म्हणाले, "चालशे बा, पण वार लागशे." काकू म्हणाल्या, मग लागू दे वेळ. कारण त्यांनी सांगितले नाही, आणि आमच्यापैकी कोणी विचारलेही नाही. माझे मत विचाराल तर चुलतभावाचेच म्हणणे व्यवहाराचे होते, आणि आजही मी तसेच म्हणेन. ज्या प्रवासासाठी गाडी हवी तो प्रवासच चुकणार असेल तर जुन्या लोखंडाची माया कशाला, असा विचार तेव्हा मनात येऊन गेला.

इंजिन बदलण्यात चालढकल ही तशी या संस्थानाची जुनीच रीत. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभई ते मियागाम अशी २० मैलांची अडीच फुटी रेल्वे गायकवाडांनी घातली, आणि तिच्यावर गाड्या ओढावयास जुंपले बैल. पुढल्याच वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिने आणली. पण यार्डास १३ पौंड वजनाचे ते नाजूक रूळ इंजिनाचा भार सोसेनात. भारी रूळ पडले ते १८७३ साली. तोवर डभईच्या मार्गावर बैलच चालले. नवे इंजिन आणणे सोपे, पण ज्यावर ते बसवावयाचे ते त्याला पेलले पाहिजे, हे त्या रुळांचे म्हणणे.

पुढले अडीच महिने मी दर शनिवारी गॅरेजात जाऊन बसत असे. इंजिन बांधणे हे काम पाहण्यासारखे आहे. प्रथम सगळे सुटे करून रॉकेलने धुतले. चारही जोडदांडे तपासले. चारही सरळ निघाले, कारण चावी कोणी फिरविली नव्हती. क्रँकशाफ्टचे जर्नल मायक्रोमीटरने मोजून ते पाव मिलिमीटरने घासून घेतले आणि त्याच मापाची बेअरिंगे आणली. सिलिंडरांचे बोरिंग करून नवे स्लीव्ह बसविले व आतून होनिंग केले; त्या वेळी भिंतीवर तिरप्या रेघांची जी बारीक जाळी उमटते ती तेल धरून ठेवण्यासाठी असते. अगदी आरशासारखी भिंत उपयोगाची नाही, हे मला तेथे कळले. हेडचा पृष्ठभाग सपाट करणे, वाल्व्ह त्यांच्या बैठकीत घासून बसविणे, ताणलेली टायमिंग चेन बदलणे, ही कामे एकामागून एक झाली. इंधनपंप वेगळ्या कारागिराकडे गेला आणि तेथे मापनयंत्रावर चढवून चारही सिलिंडरांस सारखे डिझेल मिळेल असा लावला गेला. एक गॅस्केट पुण्याहून मागवावे लागले आणि त्यापायी बारा दिवस गेले.

उस्ताद हाताने काम करीत असता तोंडाने फारसे बोलत नसत. बडोद्यात १८९० साली कलाभवन निघाले तेव्हापासून या शहरात यंत्रविद्येस प्रतिष्ठा आहे. उस्ताद काही तेथे शिकलेले नाहीत, परंतु हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, मधल्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत आवळताना त्यांची जी एकाग्रता दिसे ती पाहून कोणीही त्यांना आचार्य म्हटले असते.

१४ डिसेंबर २०२४ ला दत्तजयंती झाली. इंजिन तेव्हा मेजावर होते. काकूंनी घरीच देवापुढे बसून, म्हणजे पाचदहा मिनिटे बसून व मग आडवे होऊन, रंगावधूत महाराजांची 'दत्तबावनी' म्हटली. नारेश्वरच्या या अवधूतांची ती गुजराती रचना बडोद्याच्या मराठी घरांतूनही म्हटली जाते. त्या दिवशी चुलतभाऊ कोणाशीच बोलला नाही.

डिसेंबरच्या शेवटल्या आठवड्यात इंजिन गाडीत बसले. पहिल्या सुरुवातीस बराच वेळ नुसतीच घरघर झाली, मग पांढरा धूर, मग एकदम तो ओळखीचा ठोक्यांचा आवाज. नवे बांधलेले इंजिन एकदम दामटता येत नाही. आतले भाग एकमेकांस घासून जुळेपर्यंत जड ओझे नको, फार वेग नको, आणि एकाच वेगाने तासन् तास चालविणेही नको. म्हणून महिनाभर चुलतभाऊ व मी रिकामी गाडी घेऊन हिंडलो. आजव्याच्या तळ्यापर्यंत, पावागडाच्या पायथ्यापर्यंत, डभईपर्यंत. हिराभागोळच्या कोरीव वेशीपाशी गाडी निवत ठेवून आम्ही चहा घेत असू. डभईचे ते अरुंद रूळांचे जाळे आता नाही. केवडियापर्यंत रुंद मार्ग होऊन २०२१ च्या जानेवारीत त्यावर गाड्या सुरू झाल्या. पाचशे किलोमीटरांनंतर तेल बदलले. ते काळे होते, पण त्यात पाण्याचा अंश नव्हता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका गुरुवारी काकूंना घेऊन निघालो. सकाळी सहाला कारेलीबाग सोडले. फळीवर जाड गादी, उशाशी पाण्याचा तांब्या, पायाशी शिदोरीचा डबा. ताशी चाळीसच्या वर जावयाचे नाही अशी उस्तादांची ताकीद होती, त्यामुळे मागची प्रत्येक मोटार आम्हांला ओलांडून गेली. डभईच्या पुढे कपाशीची रिकामी शेते, मग तिलकवाड्याकडचा चढउतार. काकू पडल्यापडल्या खिडकीतून झाडांचे शेंडे बघत होत्या व शेंड्यांवरून गाव ओळखीत होत्या. आयुष्यभर बसून केलेला हा रस्ता त्यांनी आता निजूनही पाठ केला होता.

गरुडेश्वरास दहाच्या सुमारास पोहोचलो. सिंधुदुर्गातल्या माणगावचे टेंबे स्वामी, वासुदेवानंद सरस्वती, हिंडत हिंडत येथे आले आणि १९१४ साली येथेच समाधिस्थ झाले. कोकणातल्या माणसाची समाधी गुजरातेत, नर्मदेच्या काठी. बडोद्याच्या मराठी माणसास हे स्थान जवळचे वाटावे यात नवल नाही. काकूंना आम्ही खुर्चीतून समाधीपर्यंत नेले. त्या वीस मिनिटे बसल्या. नंतर गाडीत येऊन आडव्या झाल्या, आणि दार उघडे ठेवावयास सांगून नर्मदेकडे पाहात राहिल्या.

मी झाकण उचलून पाणी व तेल पाहिले. दोन्ही खुणेवर होते. काकूंनी उशाखालून निळी वही काढून माझ्याकडे दिली आणि तारीख, किलोमीटर व 'तेल ठीक' एवढे लिहावयास सांगितले. आधीच्या पानावर, २०२३ च्या डिसेंबरात, हेच तीन शब्द त्यांच्या स्वतःच्या अक्षरात होते. दोन पाने उलटली की काकांचे अक्षर सुरू होत होते. परतताना डभईत डिझेल भरले व अंधार पडण्यापूर्वी घरी आलो. पुढला तेलबदल पंधराशे किलोमीटरांस, आणि त्याच वेळी हेडचे बोल्ट पुन्हा आवळून घेण्यास उस्तादांनी बोलावले आहे.