भाजीची सालं जातात कुठे?

बालमित्रांनो, आज एक सोपा प्रश्न विचारते. सकाळी तुमच्या घरी मटार सोलले, चहा गाळला, केळी खाल्ली. त्याची टरफलं, चोथा, सालं कुठे गेली? "कचऱ्याच्या डब्यात!" बरोबर. पण डब्यातून पुढे कुठे?

आम्ही राहतो मुलुंड पूर्वेला, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर आमच्या नाकाला पाठ होतं! हरिओम नगरजवळच मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड. तिकडून वारा सुटला की पोळ्या लाटता लाटता आई उठायची आणि खिडकी लावून घ्यायची, मग भर मे महिना का असेना. २०१८ मध्ये ते बंद झालं, तेव्हा तिथे सुमारे ७० लाख टन कचरा साठला होता. त्यानंतर मुंबईचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जाऊ लागला. म्हणजे आमच्या खिडक्या उघडल्या आणि दुसऱ्या कुणाच्या तरी बंद झाल्या. देवनारला तर १९२७ पासून कचरा टाकला जातोय. २०१६ च्या जानेवारीत तिथे एवढी आग भडकली, की धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आता गंमत बघा. आपल्या शहराच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त कचरा असतो ओला, म्हणजे स्वयंपाकघरातलाच. ढिगाखाली दबला की त्याला हवा मिळत नाही. मग तो सडतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. हा वायू पेट घेतो आणि पृथ्वीचं तापमानही वाढवतो. पण त्याच सालींना हवा मिळाली तर? त्यांचं छान खत होतं!

आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये एक जुनी बादली आहे. तिला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडलीत, खाली एक ताटली ठेवलीय. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर सुकी पानं आणि दोन मुठी कुंडीतली जुनी माती. रोज भाजीची देठं, फळांची सालं बारीक चिरून टाकायची. चहाचा चोथा मात्र आधी धुऊन घ्यायचा, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात. वरून मूठभर सुकी पानं पसरायची आणि दोन-तीन दिवसांनी काठीनं ढवळायचं. तेलकट उष्टं आणि माशांचे काटे यात नकोत, बरं का! घाण वास आला तर समजा, पाणी जास्त झालंय. आणखी सुकी पानं घाला, ढवळा, की वास जाईल. सोसायटीच्या आवारात पानांना काय तोटा?

साधारण दोन-तीन महिन्यांत बादलीत काळं, भुसभुशीत खत तयार होतं. त्याला वास येतो पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा. आमची तुळस आणि कढीपत्ता त्यावरच वाढतात.

आणि हो, बादलीत जाण्याआधीही थोडं थांबा. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून केलेली चटणी खाल्लीय का कधी? आमची आजी लाल भोपळ्याची सालंसुद्धा टाकू देत नाही, त्यांचीही चटणी करते. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या आमटीत घालते. तांदळाचं धुवण झाडांना जातं. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटू देऊ नका, कारण तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवी धुऊन, वाळवून भंगारवाल्याला द्या.

एका बादलीनं एवढ्या मोठ्या मुंबईचं काय होणार, असं कुणी म्हणेल. म्हणू दे! त्याला सांगा, आमच्या घरची सालं तरी आता दुसऱ्याच्या दारात जात नाहीत. मग दोस्तांनो, या रविवारी माळ्यावरची जुनी बादली काढताय ना?