अर्धापुरातले अर्धे नाव

नांदेडच्या मोटारस्थानकावर एखाद्याने ‘अर्धापूरला चाललो’ असे म्हटले, की ऐकणारा मनातल्या मनात ‘केळी!’ असे म्हणून मोकळा होतो. हिंगोलीच्या रस्त्याला अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर हे गाव आहे. इसापूर धरणाचे पाणी कालव्याने इकडे आले आणि दोन्ही अंगांना केळीच्या बागा उभ्या राहिल्या. मधूनमधून हळदीचे हिरवे पट्टे लागतात, घडांनी भरलेले ट्रक समोरून येतात आणि आमची एस. टी. त्यांना मान देत रस्त्याच्या कडेला उतरते.

मी मात्र केळ्यांसाठी निघालो नव्हतो. शेजारच्या बाकावरील शेतकऱ्याने चौकशी केली, तेव्हा खरे ते सांगून टाकले, “गाणं ऐकायला चाललोय.”

त्याने मला पायांपासून चष्म्यापर्यंत न्याहाळले. “गाणं? आन् अर्धापुरात? कामून, नांदेडात गाणं मिळंना का?”

मिळते हो! नांदेडात काय, माझ्या खिशातल्या फोनमध्येही हजारो गाणी आहेत. पण मला हवे होते ते गाणे नव्हे, ते ऐकायला शेजारी बसणारे माणूस. हे धावत्या एस. टी.त कसे समजावणार? मी आपला हसलो आणि खिडकीबाहेर पाहू लागलो.

गावात उतरल्यावर आधी केशवराजाच्या मंदिरात गेलो. काळ्या पाषाणाची ती उंच, शांत मूर्ती पाहिली, की माणूस आपोआप हळू बोलू लागतो. पुढच्या कार्यक्रमाची ती चांगली पूर्वतयारी होती, कारण गुरुजींच्या बैठकीतही मोठ्याने बोलण्याची मनाई आहे.

गुरुजी म्हणजे पंच्याऐंशी ओलांडलेले निवृत्त प्राथमिक शिक्षक. महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांच्या ओसरीवर पाच-सात माणसे जमतात. या बैठकीला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. नियम तीन. प्रत्येकाने इतरांच्या विसरणीत गेलेले एकच गाणे आणायचे; वाजवण्याआधी त्याची स्तुती करायची नाही; आणि ते संपल्यावर एक मिनिट कुणी तोंड उघडायचे नाही. आम्हा प्राध्यापकांना यांतला शेवटचा नियम किती जड जातो, हे वाचकांना सांगायला नकोच.

चहा झाला. केळ्यांचे एक व्यापारी आले होते, त्यांनी पिशवीतून सुरेशबाबू माने यांची तबकडी काढली. हिराबाई बडोदेकर सर्वांना ठाऊक. माणिक वर्मा, प्रभा अत्रे याही ठाऊक. पण हिराबाईंचे हे थोरले बंधू आणि त्या दोघींचे गुरू १९५३ साली गेले, ते मागे फार थोडे ध्वनिमुद्रण ठेवून. तीन मिनिटांत त्यांनी राग असा उभा केला, की रोज क्विंटलचे हिशेब करणाऱ्या त्या गृहस्थाने डोळे मिटून घेतले. नंतर औषधाच्या दुकानातल्या एका गृहस्थांनी जी. एन. जोशी लावले. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जोशींनी गाइली आणि मराठी भावगीताच्या युगाची ती नांदी ठरली. मी ही कविता वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. ती घरंगळत कशी जाते, हे त्या ओसरीवर कळले.

एस. टी.चे एक निवृत्त ड्रायव्हर होते. त्यांच्यापाशी तबकडी नव्हती, आठवण होती. विविधभारती सुरू झाली १९५७ साली, परभणीचे आकाशवाणी केंद्र १९६८ साली आणि आमच्या नांदेडचे तर १९९१ साली. पण त्यांच्या तरुणपणी सकाळचे दैवत म्हणजे रेडिओ सिलोन. जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम आठ वाजता सैगलच्या गाण्याने संपे आणि मग हे ड्यूटीवर निघत. फर्माइशीची पत्रे लिहून झुमरीतलैया हे बिहारमधले गाव (ते आता झारखंडात आहे) देशभर गाजले. तसे अर्धापूर गाजवावे, म्हणून यांनीही पोस्टकार्डांचा सपाटा लावला होता.

“आलं का मग नाव?” मी विचारले.

“आलं की! ‘अर्धापूर से’ एवढं स्वच्छ आलं. आन् माझं नाव यायच्या टायमाला खर्रर्र झालं.” ते क्षणभर थांबले. “गाणं लागलं पण. पूर्ण लागलं.”

सर्वजण हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते उठले, आत गेले आणि मऊ धोतरात गुंडाळलेली एक तबकडी दोन्ही हातांवर घेऊन आले.

ही तबकडी वाजते वर्षातून एकदाच, दिवाळीच्या आधीच्या बैठकीत. कारण जुन्या फोनूची पोलादी सुई गाणे ऐकवते तसेच ते थोडे थोडे खरवडूनही नेते. दर बाजूला नवी सुई लावली, तरी लाखेची झीज ती व्हायचीच. गुरुजींच्या वडिलांनी हैद्राबादहून आणलेल्या या तबकडीच्या एकाच बाजूवर गाणे आहे. मागच्या बाजूला पंख असलेली एक आकृती कोरली आहे. घरातली मुले तिला परी म्हणत आली. कंपनीची ती खूण. म्हणजे तबकडी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान पहिल्यांदा कर्ण्यासमोर गाइली. त्या काळी मुद्रणे छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ साली. तिकडच्या कारागिरांना कोण गाते ते कळावे, म्हणून गाणे संपताच गाणाऱ्याने आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचे, अशी पद्धत होती.

आणि नेमके हेच नाव गुरुजींच्या तबकडीत हरवले आहे.

१९४८ च्या उन्हाळ्यात, रझाकारांच्या धास्तीने हे कुटुंब बैलगाडीत बसून वऱ्हाडात उमरखेडला गेले. फोनू आणि तबकड्या भिंतीतल्या बळदात ठेवून वर ज्वारी ओतली. सप्टेंबरात हैद्राबाद संस्थान मुक्त झाले, माणसे परतली. ज्वारी कुणी नेली होती, वाळवीने तबकड्यांचे कागद खाल्ले होते आणि या एकीला मधल्या भोकापासून तडा गेला होता. गुरुजी तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. त्यांच्या आईने पहिल्यांदा काय केले असेल, तर चूल पेटवण्याआधी ही तबकडी लावली.

गुरुजींनी चावी दिली. सुई टेकली. प्रथम पाऊस पडल्यासारखा आवाज, आणि मग त्या पावसातून एका बाईचा सूर वर आला. पातळ, धारदार, न घाबरणारा. ठुमरी होती. कर्ण्यात तोंड घालून गाणारी ती बाई तीन मिनिटांच्या आत सगळे सांगून टाकायच्या घाईत होती आणि तरीही कुठे घाई दिसत नव्हती. गाणे संपले. आम्ही सारे पुढे वाकलो. तिने श्वास घेतला, “...जान” की “...बाई” असे काहीतरी उमटले आणि सुई तड्यावरून उडाली.

एक मिनिट कुणी बोलले नाही. मग व्यापारी म्हणाले “जान”, ड्रायव्हर म्हणाले “बाई”. हा वाद म्हणे दर दिवाळीला होतो. अर्धापुरात अर्धेच नाव!

आता माझी पाळी होती आणि माझे हात रिकामे होते. का रिकामे, ते सांगणे भाग पडले. माझ्या वडिलांपाशी साठ-सत्तर तबकड्या होत्या. २००१ साली घराची रंगरंगोटी निघाली, तेव्हा मी त्या भंगारवाल्याला वजनावर विकल्या. लाख जड असते, पैसे बरे आले. त्या पैशांचे मी दिवाळी अंक घेतले, मराठीचा विद्यार्थी ना मी! वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी रिकाम्या फळीवर माझे अंक नीट लावून ठेवले. आज ते नाहीत, आणि त्या तबकड्यांतल्या एकीचेही नाव मला धड सांगता येत नाही.

बैठकीचा नियम नव्हता, तरी पुन्हा एक मिनिट शांततेत गेले.

मग मी भीतभीत एक गोष्ट काढली. कागद गेला, तरी तबकडीच्या मधल्या गुळगुळीत भागात लाखेवर एक क्रमांक उमटवलेला असतो. बॅटरीच्या उजेडात तिरपे धरून पाहिले, तर तो दिसत होता. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या जाणकार मंडळींनी आयुष्ये असल्या शोधांत घातली आहेत, जुन्या सूच्यांशी क्रमांक पडताळला, तर नाव सापडू शकते. शिवाय हलक्या सुईच्या यंत्रावर गाणे एकदा उतरवून घेतले, की झीज संपली. क्रमांक मी वहीत टिपून घेतला. गाण्यासाठी मात्र तबकडीच न्यावी लागणार होती, आणि नेणारा होतो मी, भंगारवाल्याचा गिऱ्हाईक!

गुरुजी बराच वेळ तबकडीकडे पाहत राहिले. “नाव लागलं तर ह्यांचं भांडण मिटंल,” ते म्हणाले, “मग दिवाळीला करावं काय ह्यांनी?” आणि आतून एक लांबट हजेरीपट मागवला. उसन्या दिलेल्या तबकड्यांची ती नोंद. गाणाऱ्याचे नाव, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. पहिल्या रकान्यात त्यांनी मास्तरी अक्षरात लिहिले: ‘नाव माहीत नाही.’ दुसऱ्यात मला सही करायला लावली.

परतीच्या एस. टी.त ड्रायव्हरसाहेबांनी ओळखीने मला पुढची, कमी हादऱ्यांची जागा मिळवून दिली. केळीच्या वाळल्या सोपटांत आणि धोतरात गुंडाळलेली ती तबकडी मांडीवर दोन्ही हातांनी धरून मी बसलो होतो. कंडक्टर तिकिटाला आला, तर खिशात हात घालायचीही छाती होईना.

“केळी का सर?” त्याने विचारले.

मी म्हटले, “नाही. परत आणायची आहे.”