अनिश्चितता म्हणजे नशीब नव्हे

"विज्ञानच म्हणते, काही निश्चित नाही. मग नशीब मानले तर बिघडले कुठे?" असे आपल्यातली शिकलेली माणसेही हल्ली विचारतात. म्हणून हा खुलासा.

मी कारखान्यात मायक्रोमीटरने जॉब तपासतो. माप चुकले तर दोष हाताचा किंवा उपकरणाचा. उपकरण सुधारले की चूक घटते. पण १९२७ साली जर्मन शास्त्रज्ञ वर्नर हायझेनबर्ग यांनी सांगितले, की इलेक्ट्रॉनची जागा जितकी नेमकी ठरवावी, तितकी त्याच्या वेगाची अनिश्चितता वाढते. उत्तम उपकरणानेही ही हद्द ओलांडता येत नाही.

आइनस्टाइन म्हणत, हा सिद्धांतच अपुरा आहे. नील्स बोर यांना ते पटत नव्हते. हा वाद प्रयोगाने तपासण्याची वाट १९६४ साली जॉन बेल यांनी दाखवली. पुढे तसे प्रयोग झाले. त्यासाठी अ‍ॅस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले. प्रत्येक कणाचे उत्तर आधीच ठरलेले असते आणि दूरच्या मोजमापाने त्यात फरक पडत नाही, ही समजूत त्यात टिकली नाही.

नशीब म्हणजे तर आधीच लिहिलेले! त्याला या विज्ञानाचा आधार कसा मिळणार? उलट इथे अनिश्चिततेचीही हद्द आकड्यात सांगता येते. पत्रिकेवाल्याने असा आकडा कधी दिला आहे काय?

आणि बंधू-भगिनींनो, "तथागतांनी हे आधीच सांगितले होते" असेही आपण म्हणू नये. तपासल्याशिवाय मानू नका, ही त्यांची शिकवण पुरेशी आहे. मुलांना तीच द्या.

जय भीम!