सातवीला कोणता ऐतिहासिक सिनेमा दाखवावा?

सुट्टी लागली की आमच्या खोपटच्या पालकांचा प्रश्न ठरलेला, "टीचर, मुलांना 'छावा' दाखवू का?" मी नाहीच म्हणते. सोळा वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाणपत्र आहे त्याला, आणि सातवीतलं मूल बारा वर्षांचं. शेवटचे छळाचे प्रसंग त्याच्या झोपेत येतात, इतिहास बाजूलाच राहतो.

'तान्हाजी' मात्र मी थोडा दाखवते, तोही सिंहगडची १६७० ची लढाई शिकवून झाल्यावर. "नागिन तोफ पुस्तकात का नाही?" एकाने विचारलं. कारण ती सिनेमावाल्यांनी रचलीय! वर्ग चिडला, "मग खोटं का दाखवतात?" त्या चिडण्यावर पूर्ण तास गेला. मला तो हवाच होता.

माझी खरी पसंती २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ला. तलवार नाही, रक्त नाही. (काही पालकांना म्हणूनच तो 'ऐतिहासिक' वाटत नाही!) फाळके घरातलं सामान विकून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' उभा करतात, सरस्वतीबाई फिल्मच्या कामात हातभार लावतात. तारामती झालेले साळुंके दिसले की मुलं खो-खो हसतात. यंदा एक मुलगी हसली नाही. "बायका का नाही आल्या कामाला?" म्हटलं, आजीला विचार, तिला नाटकात काम करू दिलं असतं का? दुसऱ्या दिवशी चौघींनी वहीत उत्तरं लिहून आणली.